आरएक्स १०० : प्लग काळा येतो तरी घाटात इंजिन पकडलं, कार्बचं नक्की काय चुकतंय?

पाथर्डीफाटा_आरएक्स

राम राम मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत असतो, आज पहिल्यांदाच लिहितोय कारण आता डोकं चालेना. गाडी यामाहाची टूस्ट्रोक आरएक्स १००, ९३ चं मॉडेल, मूळ मामांची. मामा पिंपळगावचे, तिथे कांदाचाळीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली सहा वर्षं पडून होती, उंदरांनी सीट खाल्लेली पण कागदं जिवंत होती म्हणून मागून घेतली आणि आरसी रिन्यू करून उन्हाळ्यात काम काढलं.

काम काय काय झालं ते सांगतो. रिबोअर केलं (सिलेंडर आतून घासून मोठा), पाव एमएम ओव्हरसाइज पिस्टन, नवीन रिंगा. एअर फिल्टरच्या डब्याचं रबर फाटलेलं होतं, मेकॅनिक म्हणाला हे आता मिळत नाही आणि याची गरजपण नाही, म्हणून डबा काढून थेट कार्बला (कार्ब्युरेटर, जिथे हवा आणि पेट्रोल मिसळतं) तो उघडा गोल फिल्टर लावला. सायलेन्सरची आतली नळी कापली, आवाज मोकळा झाला (शेजारचे काका बोलत नाहीत आता). ऑइल पंप बंद केला, टाकीतच टूटी (टूस्ट्रोकचं ऑइल) टाकत जा म्हणाला. आणि हवा जास्त जाणार म्हणून मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) मोठा टाकला आणि मधल्या थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणाऱ्या सुईची क्लिप एकदम खालच्या खाचेत.

आता गाडी कशी चालते ते. सकाळी थंड असताना चोक न ओढता पहिल्या किकला चालू. गरम झाल्यावर सिग्नलला थ्रॉटल सोडला की रेस लगेच खाली येत नाही, तशीच वर लटकते, मग हळूहळू उतरते. पाव ते अर्ध्या थ्रॉटलला गुदमरते, फट-फट-फट करत ओढते, द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये तर लाज निघते. त्याच्यापुढे पिळला की मात्र सुटते.

मागच्या रविवारी शहापूरहून येत होतो. कसारा घाट मस्त चढली, तिसऱ्यावर, दम असा की काय सांगू. वर घाटनदेवीच्या अलीकडे चढ संपला म्हणून थ्रॉटल सोडला आणि कर्रर आवाज येऊन मागचं चाक धरलं, म्हणजे पिस्टन सिलेंडरमध्ये अडकून इंजिन पकडलं. नशीब क्लच लगेच दाबला गेला. बाजूला घेतली, वीस मिनिटं थांबलो, चहा पण नाही मिळाला, मग किक मारली तर जणू काही झालंच नाही अशी चालू झाली. घरी आणली चाळीसच्या स्पीडने.

तेव्हापासून भीतीने लिटरला ४० च्या जागी ६० मिली ऑइल टाकतोय. प्लग काढला तर काळाकुट्ट आणि ओला. म्हणजे रिच (पेट्रोल जास्त) आहे ना? मग रिच असताना इंजिन पकडलं कसं? मेकॅनिक म्हणतो मेन जेट अजून एक नंबर मोठा टाकू. एक मित्र म्हणतो हा २० एमएमचा कार्ब काढून २४ किंवा २८ चा बसव, प्रश्नच मिटेल, त्याच्याकडे एक पडून पण आहे. काय करू?

घंटागाडी_नाशिकरोड

विक आणि स्प्लेंडर घे. ३० वर्षं झाली देश पुढे गेला.

पाथर्डीफाटा_आरएक्स

भाऊ विकली तर मामा भाऊबीजेला घरात घेणार नाही आईला. दुसरा उपाय सांगा.

जुने_नाशिक_काका

अरे बाबा, सगळ्यात आधी गाडी उभी कर. एकदा हलकं पकडलंय, दुसऱ्यांदा क्लच दाबायला वेळ मिळेलच असं नाही. उतारावर मागून ट्रक असला तर?

तुझ्या लिहिण्यात एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तू ते सहज लिहून गेलास. चढताना नाही पकडलं, चढ संपल्यावर थ्रॉटल सोडला तेव्हा पकडलं. मेन जेटचं काम सुरू होतं पाऊण थ्रॉटलच्या पुढे. थ्रॉटल बंद असताना मेन जेट घरी झोपलेला असतो, तो मोठा असो नाहीतर छोटा. मग त्याला अजून मोठा करून काय होणार? तुझ्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांग.

आता थ्रॉटल सोडल्यावर काय होतं बघ. इंजिन चढावर तापलेलं, आरपीएम वर आहेत, आणि स्लाइड (थ्रॉटलने वर-खाली होणारी कार्बमधली झडप) खाली बसली. आत ओढ प्रचंड असते, पण पेट्रोल फक्त पायलट जेटमधून (आयडलिंगचं बारीक भोक) येणार, तेवढंच. तू पंप बंद केलायस म्हणजे ऑइलसुद्धा पेट्रोलबरोबरच येतं, पेट्रोल नाही तर ऑइल पण नाही. आणि अशात जर कार्ब आणि सिलेंडरच्या मधल्या रबरातून चोरून हवा आत येत असेल तर ती सगळ्यात जास्त याच वेळेला येते, कारण ओढ जास्त आणि सरळ रस्ता बंद. गरम पिस्टन, ऑइल नाही, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी). नवीन रिबोअर, टाइट क्लिअरन्स. पकडणार नाही तर काय होणार.

हवा चोरतेय असं मी का म्हणतो? तूच लिहिलंयस, रेस लटकते आणि हळूहळू उतरते. हे नव्याण्णव टक्के हवेच्या गळतीचं किंवा पायलट पातळ असल्याचं लक्षण. पण तुझी गाडी थंडीत चोकशिवाय चालू होते म्हणजे पायलट पातळ नाही, उलट जाडच (पेट्रोल जास्त) आहे. मग राहिली गळती.

आणि प्लग. काळा आणि कोरडा, बोटाला काजळी लागते तशी, तो पेट्रोल जास्त झाल्याचा. काळा, ओला आणि चकाकता, तो ऑइलचा. तुझा ओला आहे. तू भीतीने ६० मिली ऑइल टाकलंस ना, त्याने उलटंच झालं. त्याच जेटमधून आता जितकं ऑइल जास्त गेलं तितकं पेट्रोल कमी गेलं, शिवाय घट्ट झालं म्हणून जरा सावकाश गेलं. म्हणजे मिश्रण अजून पातळ आणि प्लग अजून काळा. तू प्लग बघून म्हणतोस रिच, इंजिन म्हणतंय मी उपाशी. दोघंही खरं बोलतायत.

करायचं काय. सायलेन्सर सोडव, पिस्टन थोडा खाली-वर करून एक्झॉस्ट पोर्टमधून मोबाईलची बॅटरी मारून बघ, पिस्टनच्या अंगावर उभ्या रेघा कितपत आहेत. नखाला लागत असतील तर सिलेंडर काढावाच लागेल. नुसत्या दिसत असतील, लागत नसतील तर वाचलास. मग इंजिन चालू करून आयडलिंगला त्या मधल्या रबराच्या चारी बाजूंनी, खालून सुद्धा, डब्ल्यूडी ४० चा बारीक फवारा मार. रेस बदलली की समज सापडलं. पेट्रोल शिंपडून बघतात काही लोक, तसला शहाणपणा करू नकोस, माझ्या भुवया त्यात गेल्यात ८९ साली. रबर ठीक निघालं तर मॅग्नेटोच्या बाजूचं क्रँक सील बघ. सहा वर्षं उभी गाडी, सीलचं रबर लाकडासारखं होतं.

हे होईपर्यंत जेटला हात लावायचा नाही.

दिंडोरीरोड_किंग

सगळं त्या इथेनॉलमुळे आहे. २० टक्के मिसळतायत. जुन्या गाड्या संपवायचा डाव आहे हा. माझ्या आरएक्सचा पण ॲव्हरेज गेला, पाइप वितळला. तुम्ही किती पण जेट बदला.

अंबडचा_टर्नर

@दिंडोरीरोड_किंग दादा राग समजू शकतो पण जरा हिशेब करू. मी टूलरूमला आहे, मोजल्याशिवाय झोप येत नाही.

शुद्ध पेट्रोलचा एक भाग नीट जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला लागते फक्त ९ भाग, कारण त्याच्या अंगातच ऑक्सिजन असतो. २० टक्के मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. कार्बला डोळे नाहीत, तो जुन्या हिशोबाने भोकातून तेवढंच सोडतो, म्हणजे मिश्रण साधारण सात-आठ टक्के पातळ झालं. हे खरं आहे, आणि टूस्ट्रोकला हे जाणवतं.

पण आता दुसरी बाजू. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर आहे. हवा विरळ, म्हणून मुंबईत सेट केलेली गाडी इथे आणली की साधारण तीनेक टक्के जाड चालते. म्हणजे वरून पाच टक्के उरले. सुईची क्लिप एक खाच खाली किंवा मेन जेट एक नंबर वर, यात ते बसतं. इथेनॉलने गाडीचा मूड बिघडतो, पण कसारा चढून आल्यावर एका क्षणात चाक धरायला त्याच्या जोडीला अजून काहीतरी लागतं. काकांनी सांगितलंय ते बघ आधी.

इथेनॉलचा खरा त्रास वेगळा आहे, उभ्या गाडीला. ते हवेतलं पाणी ओढतं, पाणी जड म्हणून कार्बच्या वाटीत तळाला बसतं आणि तिथे पांढरी पावडर धरते. तीच पावडर पायलट जेटमध्ये जाते. जुन्या प्रकारचं रबर पण फुगतं नाहीतर कडक होतं. म्हणून महिनाभर गाडी काढायची नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवायची आणि मग बंद करायची.

@पाथर्डीफाटा_आरएक्स तुला एक विचारायचंय. सहा वर्षं उभी गाडी, म्हणजे पायलट जेट चोंदलेला असणार. मेकॅनिकने तो साफ कसा केला?

पाथर्डीफाटा_आरएक्स

क्लच वायरची एक तार सोडवून भोकात घातली आणि मागे-पुढे केली. माझ्यासमोरच. मला वाटलं काय हात आहे माणसाचा.

अंबडचा_टर्नर

झालं. हेच ऐकायचं होतं आणि ऐकायचं नव्हतं.

अरे जेट पितळेचा, तार पोलादाची. प्रत्येक वेळी घासताना भोक वाढतं आणि गोल न राहता अंडाकृती होतं. एक एमएमचं भोक नुसतं पॉइंट शून्य पाचने वाढलं तरी क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. पायलटचं भोक तर त्याच्याहून कितीतरी बारीक, तिथे केसाएवढा फरक पण खूप. म्हणून तुझी गाडी चोकशिवाय चालू होतेय, पायलट आता पायलट राहिलाच नाही, चोकचं काम तोच करतोय.

जेट साफ करायचा तर कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर बुडव, मग हवा मार, अगदीच नाही निघालं तर टूथब्रशचा एक नायलॉन केस. तार नाही म्हणजे नाही. शनिवारी सुट्टी असते मला, दोन्ही जेट घेऊन अंबडला ये, पिन गेज लावून बघू. येताना त्याच नंबरचा एक नवा पण घेऊन ये.

देवळालीची_यझदीवाली

मी मध्ये बोलते जरा. माझ्याकडे पप्पांची यझदी रोडकिंग आहे, हेच सगळं भोगून झालंय, फक्त सायलेन्सर दोन असल्यामुळे दुप्पट खर्च.

कार्बची बॉडी साफ करायची तर आतले बारीक मार्ग स्प्रेने पूर्ण उघडत नाहीत. मी काय केलं, सराफ बाजारात आमच्या ओळखीचे आहेत त्यांच्याकडे दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन असतं ना, त्यात कार्ब ठेवला. आधी ते म्हणाले ताई हे काय आणलं, त्यांच्या सुनेने नाक धरलं. पण फ्लोट, सुई, रबरं सगळं काढून नुसती बॉडी आणि वाटी आधी घरी घासून नेली होती म्हणून तयार झाले. दहा-दहा मिनिटं तीन वेळा. पाण्याचा रंग चहासारखा झाला. आणि जो मार्ग मी दोन वर्षं स्प्रे मारून मोकळा समजत होते त्यातून हिरवट कचरा निघाला.

दुसरं म्हणजे फ्लोट लेव्हल कोणीच बोललं नाही अजून (फ्लोट म्हणजे वाटीत तरंगून पेट्रोलची उंची ठरवणारा तुकडा). नाशिककरांना समजावून सांगायची गरज नाही खरंतर, फ्लोट म्हणजे कार्बचा दुतोंड्या मारुती. गोदेच्या पुराचं पाणी त्याच्या गुडघ्याला आहे की कमरेला आहे की गळ्याला, त्यावर गावात काय होणार ते ठरतं, तसंच वाटीतलं पेट्रोल किती उंचीवर आहे त्यावर सगळेच जेट कमी-जास्त देतात. लेव्हल वर असेल तर सगळीकडे रिच, खाली असेल तर सगळीकडे लीन, आणि तुम्ही बसा जेट बदलत. वाटीला खाली ड्रेनचा स्क्रू असेल तर तिथे पारदर्शक नळी लावून ती वर वाकवून कार्बला चिकटवून धरायची, कॉक सोडायचा, नळीत पेट्रोल जिथे थांबतं तीच आतली लेव्हल. माझ्या कार्बमध्ये ते वाटीच्या कडेच्या चांगलं वर आलं होतं. फ्लोटने पेट्रोल बंद करणाऱ्या सुईच्या (क्लिपवाली नव्हे) टोकाचं रबर गेलं होतं, १२० रुपयांची वस्तू. त्याआधी मी चार प्रकारचे जेट विकत घेऊन बसले होते, अजून ड्रॉवरमध्ये आहेत, हवे असतील तर सांगा.

मालेगाव_टूस्ट्रोक

भो, २४-२८ च्या कार्बचं कोणी उत्तर दिलं नाही म्हणून देतो. मी बसवलाय २८ चा, आणि काढलाय पण.

९८ सीसी, पन्नासचा बोअर पन्नासचा स्ट्रोक, त्याला २० चा कार्ब कंपनीने काही कंजूषपणा म्हणून नाही दिला. भोक लहान तर हवा जोरात जाते, हवा जोरात तर सुईतून पेट्रोल नीट उचलून बारीक उडवते. २८ लावला की कमी रेसला हवा रमत-गमत जाते, पेट्रोल थेंबा-थेंबाने येतं, गाडी गल्लीत ढकलायची वेळ. साडेसात हजार आरपीएमच्या पुढे काहीतरी मिळतं, पण त्यासाठी पोर्टिंग पाहिजे, बरोबर मापाचा एक्स्पान्शन पाइप पाहिजे. तू तर पाइपची नळी कापून ठेवलीय. टूस्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज दाबायचा डबा नाही, बाहेर पडायला निघालेलं ताजं मिश्रण तो परत आत ढकलतो. नळी कापल्यावर आवाज वाढला म्हणून पॉवर वाढल्यासारखी वाटते, स्टॉपवॉच लावून बघ कधीतरी. मी लावलं होतं, मोसम पुलाच्या पुढे रात्री, मन तुटलं.

आणि बाजारात जे स्वस्तातले मोठे कार्ब येतात त्यांच्यावर नाव मोठं असतं, आतली सुई कुठल्या मापाची ते बनवणाऱ्याला पण माहीत नसतं. अजून एक, केहिनचा जेटचा नंबर आणि मिकुनीचा नंबर एकमेकांशी जुळवू नको. एकाचा नंबर भोकाच्या मापावर, दुसऱ्याच्या काही जेटचा नंबर किती पेट्रोल वाहतं त्यावर. मी याच घोळात एक पिस्टन घालवला.

डब्याचं रबर माझ्याकडे जुन्या पार्टमध्ये बघतो. चालू स्थितीतलं मिळालं तर कुरिअर करतो, पैसे नको, एकदा मिसळ खाऊ घाल.

पाथर्डीफाटा_आरएक्स

मंडळी अपडेट. मोठं आहे, सॉरी.

पहिलं, सायलेन्सर काढून बघितलं. पिस्टनला एका बाजूला तीन उभ्या रेघा, दिसतात पण नखाला लागत नाहीत. वाचलो.

दुसरं, काका तुमच्या पाया पडतो. रबर वरून एकदम नवं वाटत होतं, मेकॅनिकने काळं पॉलिश पण मारलेलं. खालून फवारा मारला आणि रेस भसकन बदलली. काढून वाकवून बघितलं तर खालच्या बाजूला क्लिपच्या कडेने बोटाच्या पेरभर चीर. सरळ धरली की मिटते, वाकवली की तोंड उघडते. गाडीवर बसवल्यावर उघड्या फिल्टरचं वजन कार्बवर लोंबकळत होतं आणि त्या वजनाने चीर उघडी राहत होती. डबा असता तर डब्याने कार्बला मागून आधार दिला असता, हे मला कधी सुचलंच नसतं.

तिसरं, अंबडला जाऊन आलो. टर्नर भाऊंनी मेन जेटमध्ये पिना घालून दाखवल्या. एकाच नंबरचे दोन जेट, एक माझा एक नवा. नव्यात जी पिन जात नव्हती ती माझ्यात सहज गेली आणि डुलत होती. पायलटला तर पिनपण नाही लावली, लेन्सखाली दाखवलं, भोक नाही ते, भिंगाखाली बदामासारखं दिसतं. दोन्ही बदलले.

म्हणजे झालं असं की गळतीमुळे गाडी लीन, ती लपवायला मेकॅनिकने क्लिप खाली केली, त्यामुळे मध्ये गुदमरायला लागली, पायलट तारेने मोठा झाला म्हणून आयडलिंग जाड, आणि वर माझं ६० मिली. प्रत्येकाने आपापल्या परीने हातभार लावला.

आता मालेगावहून डब्याचं रबर आलंय (भाऊ मिसळ पक्की), डबा परत बसवला, सायलेन्सर मामांच्याच गावात एकाकडे जुना पूर्ण मिळाला, नवीन मॅनिफोल्ड (ते चीर गेलेलं मधलं रबर), जेट मूळ मापाचे, क्लिप मधल्या खाचेत. ऑइल ४० मिलीवर आणलं. पुढे सेटिंग कसं करू ते सांगा, यावेळी स्वतः करणार आहे.

जुने_नाशिक_काका

शाब्बास. आता खरी मजा.

गाडी दहा-बारा किलोमीटर चालवून गरम कर, नुसती उभी ठेवून नको. आयडलचा स्क्रू जरा आत घेऊन रेस थोडी वर ठेव. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, टेकला की थांब, घट्ट पिळलास तर टोक बसकं होईल. तिथून दीड फेरा बाहेर. मग पाव-पाव फेरा बाहेर-आत करत जा आणि प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद थांब, इंजिनला कळायला वेळ लागतो. जिथे रेस सगळ्यात वर जाते ती जागा शोध, तिथून किंचित आत घे, मग आयडल खाली आण. हा स्क्रू हवेचा आहे म्हणजे आत घेतला की रिच, बाहेर काढला की लीन. चार-स्ट्रोकच्या बऱ्याच गाड्यांत स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि तो पेट्रोलचा, तिथे बरोब्बर उलटं. यावरून लोकांची डोकी फुटलेली बघितलीत मी. पीयूसीवाला ओळखीचा असेल तर त्याच्या मशीनवर पण आयडलिंगचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) बघता येतो, २००० च्या आधीच्या दुचाकीला साडेचार टक्क्यांची मर्यादा आहे, त्याच्या बरंच आत आलं पाहिजे.

मग मधला भाग. थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारी स्विचच्या डबीवर पांढरी चिकटपट्टी लाव, बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा कर. नाहीतर अर्धा समजून पाऊण पिळतो माणूस. गंगापूर धरणाच्या रस्त्याला सकाळी सहाला जा. पाव ते पाऊण या पट्ट्यात सुईचं राज्य असतं. गुदमरत, फटफटत ओढली तर जाड, क्लिप एक खाच वर. कोरडी ओढ, टणटण आवाज, थ्रॉटल जरा मिटवल्यावर उलट बरी पळते असं वाटलं तर पातळ, क्लिप एक खाच खाली.

पाथर्डीफाटा_आरएक्स

काका क्लिप वर म्हणजे लीन? मला उलटं वाटत होतं.

जुने_नाशिक_काका

सगळ्यांनाच वाटतं. क्लिप वर सरकवली म्हणजे सुई खाली लोंबली, भोक जास्त वेळ बुजलेलं राहिलं, पेट्रोल कमी. बादलीच्या दोरीला गाठ वर मारली की बादली खोल जाते, तसं.

शेवटी पूर्ण थ्रॉटल. नवीन प्लग घेऊन जा. मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्याला पूर्ण पिळून थोडं अंतर पळव आणि त्याच स्थितीत किल सोड, म्हणजे इग्निशन बंद, क्लच दाब, आणि घरंगळत बाजूला घे. आयडलिंगला आणून बंद केलीस तर प्लगवर आयडलिंगचा रंग चढतो आणि सगळी मेहनत वाया. मारी बिस्कीट चहात बुडवल्यावर जो रंग येतो तो पाहिजे. पांढरा आला तर तिथूनच हळू घरी ये आणि मेन जेट एक नंबर वाढव. इथेनॉलच्या पेट्रोलला रंग जरा फिकाच येतो, म्हणून मी एक छटा जाड ठेवतो. ॲव्हरेज दोन-तीनने जाईल, पिस्टन राहील.

आणि ऑइल पंप परत जोडायचा विचार कर. थ्रॉटलची केबल पुढे जाऊन दोन होते, एक कार्बला एक पंपाला, पंपाच्या चाकावर खूण असते ती जुळवून घे. जोडेपर्यंत लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण मिटवून बसू नको, मधून-मधून चिमूटभर उघडत राहा.

पाथर्डीफाटा_आरएक्स

दोन आठवड्यांनी लिहितोय. एअर स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर स्थिरावला. क्लिप वरून चौथ्या खाचेत, म्हणजे मूळपेक्षा एकच खाली, टर्नर भाऊंचा हिशेब तंतोतंत. मेन जेट एक नंबर मोठा. रेस सोडली की दगड टाकल्यासारखी खाली येते. काल नांदुरीहून वणीच्या गडावर नेली, वर चढून थ्रॉटल सोडताना हात क्लचवरच होता, सवय लागलीय, पण काही झालं नाही. शेजारचे काका पण बोलायला लागले.

एकच शंका. डिसेंबरात मामेभावाच्या लग्नाला निफाडला मुक्काम आहे, तिकडची थंडी तुम्हाला माहितीय, सकाळी पारा सात-आठवर असतो. पहिल्यांदाच आता गाडीला चोक लागतोय. पूर्ण ओढतो, थ्रॉटल थोडा पिळून किक मारतो, तरी सात-आठ किका लागतात. परत काही बिघडलं का?

देवळालीची_यझदीवाली

काही बिघडलं नाही, थ्रॉटल पिळू नका फक्त. या कार्बमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी पट्टी नसते, पेट्रोलचा एक वेगळा छोटा रस्ता असतो, तो उघडतो. त्यातून पेट्रोल वर यायला आतली ओढ लागते आणि ती स्लाइड पूर्ण खाली असेल तरच तयार होते. थ्रॉटल उघडला की ओढ गेली, चोक ओढलेला असून नसल्यासारखा. हात मुठीवरून काढून किक मारा. इग्निशन बंद ठेवून दोन, मग चालू करून तिसरी. चालू झाली की अर्धा मिनिट, मग चोक खाली.

आणि नवरदेवाला मागे बसवू नका, सीट उंदरांनी खाल्लेली आहे म्हणालात ना?

पाथर्डीफाटा_आरएक्स

आज सकाळी हात काढून मारली. तिसऱ्या किकला. सीट शालिमारला शिवायला दिलीय ताई.